जिवनबाईची हरळी

"हे बघा, उचलून बघा! गोधडी उचलावी तसं येऊन राहिलं."

"मला काय दावतीस? गवत तुझ्या हवाली हाये का माझ्या?"

"गवत माझ्या हवाली हाये, मालक. गवताच्या खालचं मातर तुमी त्या दुकानदाराच्या हवाली केलं."

"गोपीचंदला मधी आणू नको. त्यानं मुंग्या मारून दिल्या."

"मारल्या की. म्हणून तर ह्या पोसल्या." जिवनबाईनं मूठ उघडली. तळहातावर चार पांढऱ्या, लठ्ठ, कोयत्यासारख्या वळलेल्या हुमण्या, गवताची मुळं खाणाऱ्या अळ्या. त्यातली एक तांबडं डोकं हलवून माणिकरावांकडे बघत होती.

माणिकराव दोन पावलं मागे सरले. "मुंग्यायचा अन् हिचा काय संबंध?"

"हिची अंडी खायच्या मुंग्या."

"तू काय इचारायला गेलती का मुंगीला, जेवली का म्हणून?"

"तुमी तरी कुठं इचारलं? सरळ जेवण वाढलं."

ऑफिसच्या ओसरीत खुर्च्यांच्या खोळी घडी घालत बसलेल्या मंजुळाबाई हसल्या. नवऱ्यानं वळून बघितलं तसं त्यांनी हसू खोळीत घातलं.

"पाच डिसेंबरला आपल्या कोमलचं लगीन हाये इथं," माणिकराव म्हणाले. "दोन हजार माणूस येईल. जिंतूरच्या पाहुण्यायला मी सांगून बसलो, असं लॉन जिल्ह्यात न्हाई म्हणून. अन् इथं खरूज लागल्यावानी दिसून राहिलं. मांडववाला शिवशंकर म्हणतो ते बराबर हाये. प्लास्टिकचं गवत आणायचं. गुंडाळून येतं, हातरलं की झालं. पाणी न्हाई, खत न्हाई, मुंगी न्हाई…"

"जिवनबाई न्हाई."

"मी तसं म्हणलो न्हाई."

"मी म्हणले ना. तुमाला तकलीफ नको." जिवनबाईनं हुमण्या घमेल्यात टाकल्या. "दोन महिने द्या. पाच डिसेंबरला हिरवं करून दावते. पण या गवतात परत औषध पडायचं न्हाई. चिमूटभर न्हाई. लग्नाआधी न्हाई, लग्नानंतर न्हाई."

"अन् हिरवं न्हाई झालं तर?"

"तर तुमचं प्लास्टिक हातरा. मी घरी जाते."

"कबूल."

"वैनी, ऐकलं ना?"

"ऐकलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "आमच्या घरातलं कबूल टिकतं किती, ते काही सांगता येत न्हाई. पण ऐकलं."

ऑक्टोबरची सुरुवात होती ती.

जिवनबाई शिरड शहापूरची. बुद्धविहाराच्या मागं घर, नवरा शेषराव गुडघ्यामुळे घरी, पोरगी पल्लवी लग्न होऊन वसमतला. वय विचारलं तर 'पन्नास' म्हणते. ते ती सात-आठ वर्षांपासून म्हणते. तीस वर्षं तिनं लोकांच्या शेतात खुरपणी केली. कापूस, सोयाबीन, हळद, पीक बदललं, पण तिचा वैरी एकच राहिला, हरळी. हरळी म्हणजे अशी बया, की वरून ओढली तर खाली हसते आणि खालून खणली तर बांधावरून परत येते. जिवनबाईच्या हाताला मात्र ती घाबरायची. पंचक्रोशीत म्हणायचे, जिवनबाई ज्या वावरातून गेली तिथं हरळीनं वर्षभर तोंड काढायचं नाही.

मग माणिकरावांनी औंढ्याच्या रस्त्याला, जवळा बाजारच्या अलीकडे, आपल्या दोन एकर सोयाबीनचं लॉन केलं. कमान उभारली, कारंजं बसवलं, बायकोचं आणि आपलं नाव एकत्र करून 'माणिकमंजुळा लॉन्स' अशी पाटी लावली. पाटीत नाव आलं त्या दिवसापासून मंजुळाबाईंना खोळी धुवायचं कामही आलं. लॉनचं गवत म्हणजे हरळीच, ती लावायला माणसं पाहिजे होती. माणिकरावांनी विचारलं, हरळीतलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

"तीस वर्षं हिला शिव्या दिल्या," जिवनबाई पहिल्या दिवशी म्हणाली, "आता हिचेच पाय दाबायचे. हरळे, जिंकलीस गं बाई."

आणि दाबले. वीतभर अंतरावर एकेक कांडी तिनं स्वतः बोटानं खोचली. पहिल्या उन्हाळ्यात मोटार जळाली तर हौदातलं पाणी घागरीनं घातलं. दोन वर्षांत गवत असं झालं, की फोटोवाले नवरा-नवरीला आधी तिथं झोपवायचे, मग स्टेजवर बोलवायचे.

लॉनवर लग्न म्हणजे अक्षता. आमच्या भागात अक्षता ज्वारीच्या, हळदी-कुंकवात रंगवलेल्या. हजार-दोन हजार माणसं मंगलाष्टकाच्या प्रत्येक 'सावधान'ला मूठ फेकतात. निम्मी नवरा-नवरीच्या डोक्यावर पडायची म्हणून फेकलेली, पुढच्या रांगेच्या टकलावर पडते, उरलेली गवतात. जिवनबाईला याचं पहिल्यांदा फार वाईट वाटलं. "आमच्यात फुलं टाकत्यात. सकाळी झाडलं की झालं. तुमचं तर खायचं धान्य." पण सकाळी ती झाडायला आली तर ज्वारी गायब. चिमण्या होत्याच, पण खरं काम गवतातल्या लाल मुंग्यांचं. एकेक दाणा डोक्यावर घेऊन, वरात निघावी तशी रांग वारुळाकडे. रंगीत ज्वारी, लाल मुंग्या. वाजंत्री तेवढं कमी.

"ह्या माझ्या झाडूवाल्या," जिवनबाई म्हणायची. चावायच्या तिलाही. आग आग व्हायची, दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेली पुटकुळी यायची. त्यावर ती चुना लावायची आणि वारूळ वाट सोडून असेल तर त्याला वळसा घालायची.

पाहुण्यांना वळसा घालायची सवय नसते. गेल्या मे महिन्यात एका लग्नात व्याह्यांचे पाय धुवायला खुर्ची मांडली ती नेमकी वारुळावर. नवरदेवाचे मामा बूट-मोजे काढून, पँट वर करून, मोठ्या मानानं बसले. पाय धुणाऱ्यानं पहिला तांब्या ओतला आणि वारूळ जागं झालं. मामा उठले. एक पाय वर, मग दुसरा, मग दोन्ही. बँडवाल्याला वाटलं, मामा नाचून राहिले. त्यानं चाल बदलली, ढोल वाढवला. पाचपन्नास पोरं भोवती येऊन नाचायला लागली. मामा ओरडत होते, "चावलं रे, चावलं!" आणि पोरं म्हणत होती, "वन्स मोअर!"

मामांनी निघताना माणिकरावांना एवढंच सांगितलं, "लॉन चांगलं हाये. पुढच्या लग्नाला डॉक्टर बी ठेवा."

माणिकराव दुसऱ्या दिवशी सकाळीच गोपीचंदच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन बसले. गोपीचंदनं एक पाकीट काढलं. आत पिवळसर भरड दाणे, तेलाचा वास. मुंगी दाणा घरी नेते, राणीला देते, राणी मरते, घर बसतं. पाकिटावर मराठीत लिहिलेलं होतं: वारुळाभोवती चमचाभर टाका. सर्वत्र फेकू नका. खतात मिसळू नका. टाकल्यावर पाणी देऊ नका.

"एवढ्यानं काय होतं?" माणिकराव म्हणाले.

"भाऊ, कंपनी घाबरत घाबरत लिहिते," गोपीचंद म्हणाला. "आपली जमीन काळी, आपली मुंगी कडक." आणि त्यानं सोबत दुसरं एक दाणेदार दिलं, शेतात खोडकिड्याला टाकतात ते. शिवाय एक फवारायची बाटली. "हे त्याला पक्कं करतं."

कोमल तेव्हा परभणीहून सुट्टीला आली होती. तिथं ती शेतीच्या कॉलेजात शिकते. तिनं पाकीट वाचलं. "पप्पा, हे खोडकिड्याचं समोर येईल त्याला मारतं. मुंगी, कोळी, भुंगेरा, सगळे."

"मंग चांगलंच हाये की."

"चांगलं काय? त्यातले निम्मे आपल्या कामाचे असतात."

"माझ्याकडे कामाला जिवनबाई हाये. बास."

पाकिटावर जे लिहिलं होतं ते सोडून सगळं झालं. माणिकराव आयुष्यभर शेतकरी. दाणा हातात आला की त्यांना एकच रीत माहीत, युरियात कालवायचा आणि वावरभर फेकायचा. ताडपत्रीवर तीनही गोष्टी युरियात कालवल्या. एकराचा डोस विचारला होता, तो दीडपट केला, कारण लग्नसराई होती.

"मालक," जिवनबाई म्हणाली, "चावणाऱ्यायची घरं मी दावते. इनमीन अकरा हायेत. तिथंच टाका. काळ्या मुंग्यायनं काय केलं? त्या तर चावत बी न्हाईत."

"मुंगी म्हणजे मुंगी. काय आधार कार्ड बघत बसू?"

"मी न्हाई टाकत."

"मंग दुसरी बघू का?"

तिनं टाकलं. पोत्याची ओटी बांधली, हातात मोजे घातले आणि सकाळी सहापासून दोन एकरांवर मूठ-मूठ फेकत गेली. मागून माणिकरावांनी फवारे सुरू केले, दाणे चांगले मुरावेत म्हणून. ही गोष्ट जिवनबाई कधी लपवत नाही. कुणी विचारलं तर आधी तेच सांगते. "टाकलं मीच. माझ्याच हातानं."

दुसऱ्या दिवशी झाडू मारायला गेली तर झाडूपुढे गवताचा कचरा नव्हताच. रातकिडे उताणे. काळ्या मुंग्या, मुंगळे, मेथीच्या दाण्यांसारखे सांडलेले. पायांची जुडी करून पडलेले कोळी. हिरवे नाकतोडे, चकचकीत काळे भुंगेरे, पाठीवर ठिपके असलेले ढालकिडे, एक लांबलचक गोम. काहींची तर तिला नावंही माहीत नव्हती. दोन वर्षं त्यांच्यात वावरली पण ओळख मेल्यावर झाली. घमेलं अर्धं भरलं. ते घेऊन ती ऑफिसात गेली आणि माणिकरावांच्या टेबलावर, पावतीपुस्तकाशेजारी ठेवलं.

"हे बघा."

माणिकरावांनी बघितलं. त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! एवढे होते का? बघ, म्हणून म्हणतो. वरून काही दिसत न्हाई!" त्यांनी फोटो काढला आणि शिवशंकरला पाठवला. दुपारी एक बुकिंगवाले आले त्यांनाही घमेलं दाखवलं. "आमच्याकडे बघा, काही जिवंत न्हाई." बुकिंगवाल्यांनी तिथल्या तिथं तारीख पक्की केली.

आणि गंमत अशी, की आठ दिवसांत गवत हिरवंगार झालं. कधी नव्हे इतकं. जिवनबाईनं कपाळावर हात मारला. "युरिया हाये तो, मालक! युरियानं दगड बी हिरवा व्हईल!" पण माणिकरावांच्या मनात गोष्ट बसली ती बसली, औषध टाकलं की मुंगी मरते आणि गवत वाढतं. एका दगडात दोन पक्षी. उरलेले चारशे पक्षी घमेल्यात होते, ते कुणी हिशेबात धरले नाहीत.

जूनमध्ये पहिली फळं दिसायला लागली. मेमध्ये औषधानंतर सहा लग्नं झाली होती. अक्षता पडत होत्या, उचलायला कुणी नव्हतं. चिमण्याही येईनाशा झाल्या. त्यांच्या पिल्लांना किडा लागतो, इथं किडा नव्हता. पाऊस पडला आणि लॉनवर ज्वारी उगवली. स्टेजसमोर दाट, मागं विरळ. कुठल्या रांगेत मानाचे पाहुणे बसले होते ते पिकावरून कळत होतं. रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून विचारायचा, "काय माणिकराव, लॉन मोडून परत शेती का?"

जिवनबाईनं ती ज्वारी खुरपली. जुनाच धंदा, फक्त या वेळी हरळीच्या बाजूनं.

पावसासोबत दुसरे, तांबूस भुंगेरे आले; हुमणी ही त्यांचीच अळी. बाभळीवर, निंबावर बसायचे, अंधार पडला की खाली उतरायचे, जमिनीत अंडी घालायचे. दर वर्षीच येतात. दर वर्षी अंडी घालतात आणि दर वर्षी त्यांतली बरीच कुणी ना कुणी खातं. या वर्षी खाणारे घमेल्यातून उकिरड्यावर गेले होते. भुंगेऱ्यांना एवढं रिकामं घर जन्मात मिळालं नसेल.

सप्टेंबरात गवत गोल-गोल पिवळं पडायला लागलं. आणि त्याच मोकळ्या गोलांत, सगळ्यांच्या आधी, परत आलं कोण? लाल मुंग्या. काळ्या नाहीत, रातकिडे नाहीत, कोळी नाहीत. लाल.

"आसपासच्या बांधावरून राणी उडून येते," कोमलनं फोनवर सांगितलं. "आधी काळ्या मुंग्या त्यांच्याशी भांडायच्या, जागा द्यायच्या नाहीत. आता भांडायला कुणी नाही, मावशी."

"म्हणजे आपण भाडेकरू काढले अन् गुंडाला चावी दिली."

"तेच."

माणिकरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे औषध कमी पडलं." त्यावरून जे भांडण लागलं, ते वर आलंच आहे.

तर जिवनबाईला दोन महिने मिळाले. आधी तिनं मेलेलं गवत गुंडाळून काढलं. खालची माती मोकळी केली, आणि घरच्या अकरा कोंबड्या डालग्यात घालून गावातल्या भीमराजच्या ऑटोनं आणल्या. कोंबड्यांनी हुमण्यांवर जो ताव मारला तो बघून मंजुळाबाई म्हणाल्या, "कोमलच्या लग्नात माणसं अशी जेवली पाहिजेत." बगळे आले, साळुंक्या आल्या. माणिकरावांनी एकदा विचारलं, "कोंबड्या लॉनवर शोभत्यात का?" जिवनबाई म्हणाली, "प्लास्टिकवर चरणार न्हाईत. ठरवा."

मग हरळी पाहिजे होती. जिवनबाई बांधाबांधानं फिरली. ज्या शेतकऱ्यांची हरळी तिनं तीस वर्षं उपटली होती त्यांच्याकडे ती हरळी मागायला गेली. एक म्हातारे शेतकरी, दगडोबा, त्यांनी दोनदा विचारलं.

"काय पाहिजे म्हणली?"

"हरळी."

"डोकं ठिकाणावर हाये का तुझं? ने, सगळी ने. वर चहा पाजतो."

"अशी नको, आबा. ढेकळासकट पाहिजे. बांधाची माती, मातीतलं सगळं. मुंग्या, किडे, काय असंल ते."

"किडे बी?"

"किडे आधी."

दगडोबांनी चहा दिला आणि ती गेल्यावर सुनेला सांगितलं, "बाई चांगली होती. लॉनवाल्यानं बिघडवली."

टोपल्या-टोपल्यांनी ढेकळं आली. प्रत्येक ढेकळासोबत काही ना काही चालत, उडत, सरपटत आलं. दिवाळीपर्यंत कांड्यांनी मुळं धरली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एका संध्याकाळी ऑफिसात बसलेल्या मंजुळाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "जिवनबाई, ऐकलंस का? रातकिडा." दोघी थोडा वेळ ऐकत राहिल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्या गवतात बोलत होतं.

लाल मुंग्यांची नवी नऊ वारुळं झाली होती. जिथं जिथं खुर्च्या, मांडव, पायवाट येणार होती, तिथल्या सहांवर जिवनबाईनं आचाऱ्याच्या चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं. उरलेली तीन कुंपणाकडेला होती. ती तशीच ठेवली. "अक्षता कोण उचलंल मंग?"

तीन डिसेंबरला लॉन हिरवं झालं. युरियाचं झगझगीत हिरवं नव्हे. कुठं गडद, कुठं कोवळं, दोन-तीन ठिकाणी अजून टाके दिसत होते. पण पाय ठेवला की दाबून परत उठत होतं. माणिकराव चपला काढून त्यावरून चालले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी शिवशंकरला फोन केला आणि प्लास्टिकवाल्याला नको म्हणून कळवायला सांगितलं. जिवनबाईनं ते ऐकलं. मंजुळाबाईंनीही ऐकलं.

चार डिसेंबरला दुपारी जिंतूरचे व्याही ग्यानबा मांडव बघायला आले. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, सोबत दोन जाणती माणसं. कमान बघितली, कारंजं बघितलं, मग खाली वाकून गवतावर तळहात फिरवला.

"आँ? हे काय, गालिचा का काय?"

"मंग! सांगितलं होतं ना?" माणिकराव फुलले.

"आमच्याकडे एकाचं हाये, पार जळून गेलं. हुमणी म्हणे. तुमचं कसं काय वाचलं?"

जिवनबाई चार हात अंतरावर बसून कारंज्याच्या कडेचं गवत कापत होती. तिची कात्री थांबली.

माणिकरावांनी तिच्याकडे बघितलं, मग व्याह्यांकडे. उद्या पोरगी द्यायची होती. व्याह्यांपुढे खुरपणीच्या बाईनं, कोंबड्यांनी आणि बांधावरच्या ढेकळांनी आपली अब्रू वाचवली, हे बापाच्या तोंडून निघणं सोपं नव्हतं.

"औषध," माणिकराव म्हणाले. "आमचं एक खास औषध हाये. मुंगी, किडा, हुमणी, काही राहत न्हाई. वर गवत पोसतं. आज बी एक हात मारून घेणार हाये, उद्या पाहुण्यायला मुंगी नको चावायला. आणूनच ठेवलंय." आणि त्यांनी खरंच ओसरीकडे बोट दाखवलं. खोळींच्या गठ्ठ्यामागं गोपीचंदच्या दुकानाचं पोतं उभं होतं. त्याच्यावर मंजुळाबाईंचा एक जुना टॉवेल झाकलेला होता.

मंजुळाबाईंनी टॉवेल ओळखला. "अहो," त्या म्हणाल्या, "तुमी कबूल—"

"तू चहाचं बघ."

ग्यानबा मात्र भलतेच खूश झाले. "मी बी यंदा रस्त्याकडेचं वावर मोडून लॉन काढून राहिलो. मला सांगा बराबर. एकरी किती पडतं?"

"ते या बाईला इचारा," माणिकराव घाईनं म्हणाले. "जिवनबाई आमची. सगळं तीच टाकते. सांग गं पाहुण्यायला."

जिवनबाई उठून उभी राहिली. ग्यानबा तिच्याकडे वळले. माणूस सरळ होता, खरंच शिकायला उभा राहिला होता. खिशातून त्यांनी डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं.

"बाई, काहून उभ्या राहिल्या? बसा ना. मला आपलं नीट लिहून घ्यायचंय. आधी युरियात कालवायचं का नुसतंच टाकायचं?"

जिवनबाईनं कात्रीची पाती पदराला पुसली.

"सांग ना," माणिकराव हसत म्हणाले. हसू व्याह्यांकडे होतं, डोळे तिच्याकडे. "लाजती काय? उद्याचं लगीन झाल्यावर तुझ्या पगाराचं बी बघू आपण. सांग, किती दिवसानं टाकतीस?"

तिनं कात्री कारंज्याच्या कठड्यावर ठेवली. हातातले मोजे काढून कात्रीशेजारी ठेवले. मंजुळाबाई चहाचा ट्रे घेऊन ओसरीच्या पायरीवर तशाच उभ्या होत्या. ग्यानबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"जिवनबाई? अगं, पाहुणे इचारून राहिले तुला!"

ती कमानीखालून रस्त्यावर गेली आणि शिरडच्या दिशेनं चालायला लागली.